जवसाचे सूत आणि गेलेली लाईन

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगत असलेल्या बपेरा-सिहोरा परिसरात झाडीबोलीच्या वळणाची मराठी, पोवारी आणि हिंदी अशा तीन भाषा एकाच बाजारात, एकाच बांधावर आणि पुष्कळदा एकाच घरात बोलल्या जातात. या तिन्ही भाषांत कोणत्याही अडचणीवाचून फिरणारे जे मोजके इंग्रजी शब्द आहेत त्यांत ‘लाईन’ हा शब्द बहुधा सर्वांत कामाचा आहे. या परिसरात वीज गेली की लाईन जाते, स्वस्त धान्याच्या दुकानासमोर लाईन लागते आणि गवंडी भिंतीला लाईन धरतो. तुमसर रोड स्थानकावरून तिरोडीकडे लाईन गेलेली असते, कुणाचा मुलगा लाईनीला लागतो तर कुणाचा लाईन सोडून वागतो, आणि धान विकायचा असेल तर आधी ऑनलाईन करावे लागते. एवढे वेगवेगळे व्यवहार एका परक्या शब्दाने कसे उचलले, त्यातील कोणते अर्थ इंग्रजीतून जसेच्या तसे आले, कोणते इकडे येऊन घडले आणि कोणते अर्थ मराठीने या शब्दाला मुळीच दिले नाहीत, या प्रश्नांचा येथे आढावा घेतला आहे. मराठीने हा शब्द सगळाच्या सगळा उसना घेतला, ही समजूत या आढाव्यात टिकत नाही. त्याचे तुकडे करून मराठीने हवे तेवढे ठेवून घेतले आणि उरलेल्या जागी स्वतःचे शब्द बसवले.

प्रथम एक परिभाषा स्पष्ट करणे आवश्यक आहे. एकाच शब्दाला एकमेकांशी नाते असलेले अनेक अर्थ असतात तेव्हा भाषाविज्ञानात त्याला अनेकार्थता म्हणतात, आणि दोन निराळे शब्द केवळ योगायोगाने सारखे उच्चारले किंवा लिहिले जातात तेव्हा त्याला समरूपता म्हणतात. ग्रामीण उच्चारात ‘लाईन’चा ‘लायन’ होतो आणि ‘लायन्स क्लब’मधला सिंहवाचक ‘लायन’ही तसाच उच्चारला जातो, ही समरूपता झाली. या क्लबचे सदस्य नावाआधी ‘ला.’ हे अक्षर लावतात, त्याचा विजेच्या तारेशी काही संबंध नसतो हे सांगावे लागत नाही. याउलट विजेची लाईन, रेल्वेची लाईन आणि माणसांची लाईन यांच्यामागे एकच कल्पना उभी आहे, म्हणून ती अनेकार्थता होय. इंग्रजीत सर्वाधिक अर्थांचा मान सहसा ‘सेट’ आणि ‘रन’ या शब्दांना दिला जातो आणि १९८९ साली निघालेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ची नोंद सर्वांत लांब होती. पण मराठीत हे दोन्ही शब्द ‘लाईन’इतके खोल रुजले नाहीत, यावरून मूळ भाषेतील अर्थांच्या संख्येचा आणि उसनवारीतील उपयुक्ततेचा थेट संबंध नसतो असे म्हणता येते.

‘लाईन’ची व्युत्पत्ती बपेरा परिसरातील वाचकाला अनपेक्षित रीतीने जवळची ठरते. हा शब्द लॅटिन ‘लिनेआ’पासून आला आणि ‘लिनेआ’चा मूळ अर्थ ‘लिनुम’चा म्हणजे जवसाचा धागा असा आहे. तागाच्या कापडापेक्षा मऊ असलेल्या ‘लिनन’ या कापडाचे नाव त्याच मुळाचे आहे. वनस्पतिशास्त्रात जवसाचे नाव लिनम युसिटाटिसिमम असे असून ते लिनियसने १७५३ साली नोंदले. पूर्व विदर्भातील धानाच्या बांध्यांत धान उभा असतानाच ओलीचा फायदा घेऊन जवस किंवा लाखोरी फेकून पेरण्याची रीत जुनी आहे आणि त्या पेऱ्याला उतेरा म्हणतात. येथील जवस तेलासाठी घेतला जातो आणि त्याची झाडे बुटकी व फांद्यांची असतात. धाग्यासाठी युरोपात घेतला जाणारा जवस उंच व सरळ वाढतो, पण वनस्पती तीच. उतेऱ्याच्या शेतातील निळ्या फुलांचे हे झाड आणि त्याच शेतावरून गेलेली अकरा केव्हीची लाईन यांचे नाव एका मुळातून निघाले आहे, ही गोष्ट शब्दकोशाबाहेर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

जवसाचा धागा ताणून धरला की तो सरळ होतो आणि सरळ असल्याने मापनाला उपयोगी पडतो. या एका भौतिक गुणातून इंग्रजीतील पुढचे सर्व अर्थ फुटले. दोरी, दोरीने आखलेली रेघ, रेघेवर मांडलेली अक्षरे, रेघेसारखी उभी केलेली माणसे किंवा घरे, रेघेने दाखवलेली हद्द, एकामागून एक येणाऱ्या पिढ्या, एका दिशेने चालणारा विचार, एका प्रकारचा माल, आणि नंतर रूळ, तारा व नळ असा हा विस्तार आहे. ‘तुमची लाईन कोणती’ या प्रश्नातील व्यवसायाचा अर्थ मात्र सरळ वाटेने आलेला दिसत नाही. व्युत्पत्तिकारांच्या मते, सतराव्या शतकात रूढ झालेल्या या अर्थामागे १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलमधील, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील एका वाक्याचा चुकलेला अन्वय बहुधा असावा. ‘डेडलाइन’चा इतिहास याहून कठोर आहे. अमेरिकन यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक रेघ ठरवलेली होती आणि ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालण्याची मुभा पहारेकऱ्यांना होती. त्या रेघेचे नाव पुढे वृत्तपत्रांच्या मुदतीला मिळाले. मराठी वृत्तपत्रे हाच शब्द रोज वापरतात आणि गोळीची भीती नसल्याने ती मुदत रोज ओलांडतातही.

इंग्रजीतील या विस्तृत शब्दाला मराठीत प्रवेश मिळाला तेव्हा त्याच्या वाट्याच्या बहुतेक जागा भरलेल्या होत्या. लिहिलेल्या मजकुराला ओळ होती, माणसांना रांग, जेवणाऱ्यांना पंगत, कागदावर रेघ, भूमितीत रेषा, पेरणीत तास, उभ्या भिंतीच्या परीक्षेला ओळंबा, लढणाऱ्यांना फळी, आणि आट्यापाट्यांच्या मैदानात आडवी पाटी व तिला छेदणारी उभी सूरपाटी. धाग्यापासून सरळपणाकडे आणि सरळपणापासून नियमाकडे जाण्याची जी वाट लॅटिनने धरली, तीच संस्कृतात ‘सूत्र’ या शब्दाने धरली होती. सूत्र म्हणजे धागा, सूत्र म्हणजे नियम, आणि सूत्रधार म्हणजे नाटकाची दोरी हाती असणारा. पण शिल्पशास्त्रात सूत्रधार हा प्रत्यक्ष मापाची दोरी धरणारा कारागीरच होता. मराठी सुतार-गवंड्यांच्या बोलीत ‘सुतात असणे’ म्हणजे सरळ असणे, आणि कामावरचा गवंडी विटांच्या थरासाठी जी दोरी ताणतो तिला आज ‘लाईनदोरी’ म्हणतो. या जोडशब्दाचे दोन्ही भाग मुळात एकच गोष्ट सांगतात, ही द्विरुक्ती कुणालाही खटकत नाही. भातशेतीतही दोरीचे हे काम चालू आहे. कृषिशास्त्रज्ञ ना. कृ. सावंत यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या चारसूत्री भात लागवडीत नियंत्रित लावणीसाठी १५ आणि २५ सेंटिमीटरवर आलटून पालटून खुणा केलेली दोरी वापरतात. भंडाऱ्यात जिला रोवणी म्हणतात त्या कामात बाया वाकून मागे सरकत परे म्हणजे भाताची रोपे रोवतात, तेव्हा पुढच्या चिखलात ताणलेल्या त्या दोरीला कृषी खात्याच्या पुस्तिकेत ‘लावणी दोरी’ म्हटलेले असते. ‘चारसूत्री’तले सूत्र नियमाच्या अर्थाचे आणि दोरी प्रत्यक्ष सुताची, असा हा योग आहे.

इतके शब्द असूनही या सर्वांना कवेत घेईल असा एकच सामान्य शब्द मराठीत नव्हता, कारण प्रत्येक शब्द आपापल्या कामाला बांधलेला होता. पंगतीला रांग म्हटले तर जेवणाचा घाट जातो, आणि तासाला ओळ म्हटले तर पेरणीची तिफण डोळ्यांपुढे येत नाही. ‘लाईन’ला मराठीत जागा मिळाली ती या अभावातून. तिचे व्याकरणही याच शब्दांनी ठरवले असावे. इंग्रजीत लिंगभेद नसलेला हा शब्द मराठीत ‘ती लाईन’ झाला, कारण उसन्या नामाला बहुधा त्याच्या जवळच्या देशी नामाचे लिंग मिळते, आणि ओळ, रांग, रेघ, रेषा, पंगत, दोरी, तार, पाटी, फळी हे सगळे शब्द स्त्रीलिंगी आहेत. अनेकवचन प्रमाण बोलीत ‘लाईनी’ होते आणि विदर्भात ‘लाइना’ही ऐकू येते. याहून सूक्ष्म भेद सामान्यरूपात आहे. ‘साहेब लाईनवर आहेत’ असे टेलिफोनबाबत म्हणतात, तेथे शब्दाचे रूप बदलत नाही, पण ‘पोरगा लाईनीवर आला’ असे वर्तनाबाबत म्हणतात, तेथे रूप पूर्ण मराठी झालेले असते. जो अर्थ जास्त मुरला त्याला विभक्तीही जास्त मुरलेली मिळाली, असे यावरून सुचवता येईल. झाडीबोलीच्या उच्चारांनाही हा शब्द सोयीचा आहे. या बोलीत ‘ळ’ची जागा ‘र’ घेतो आणि डोळ्याचा डोरा होतो, तसेच ‘ण’ऐवजी ‘न’ येतो. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभराच्या अभ्यासातून ज्या बोलीला साहित्यविश्वात उभे केले, तिला ‘लाईन’चे ‘ल’ आणि ‘न’ हे दोन्ही वर्ण जिभेवर आधीच ठेवलेले सापडले.

कोणता अर्थ ‘लाईन’ या नावाने राहिला आणि कोणता राहिला नाही, हे पाहताना एक सूत्र हाती लागते, ते असे की जेथे वस्तूच शब्दाबरोबर आली तेथे शब्द टिकला. सर्वांत आधी आल्या त्या लष्करी लाइन्स, म्हणजे शिपायांच्या रांगेने बांधलेल्या झोपड्या व बराकी. मुंबईचे मरीन लाइन्स हे नाव अठराव्या शतकात इंग्रजांनी वसवलेल्या मरीन बटालियनच्या वसाहतीवरून पडले. समुद्रकिनाऱ्याच्या वळणदार रेषेशी ते लोकांनी नंतर जोडले. नागपुरातील सिव्हिल लाइन्स ही मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती, आणि पोलीस लाईन टाकळी ही पोलिसांची. या नावांतील इंग्रजी अनेकवचनाचा ‘स्’ कधी राहिला, कधी गळला. पोलीस वसाहतीच्या अर्थाची लाईन सीमेच्या पलीकडे आणखी एका वाक्प्रचारात सापडते. मध्य प्रदेशातील हिंदी वृत्तपत्रांत कारवाई झालेला पोलीस ‘लाइन हाजिर’ होतो, आणि अलीकडच्या मराठी वृत्तपत्रांत तोच ‘मुख्यालयाशी संलग्न’ होतो. दोन्ही बातम्या एकाच टपरीवर वाचल्या जातात.

रेल्वेने या शब्दाला आणखी विस्तार दिला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हापासून मराठीने लोहमार्ग, रूळ, आगगाडी असे शब्द घडवले, पण बोलण्यात लाईनच उरली. मुंबईत वेस्टर्न, सेंट्रल आणि हार्बर या लाइना पत्त्याचा भाग आहेत आणि स्थळाच्या चौकशीत मुलगा कोणत्या लाईनला राहतो याला स्वतंत्र महत्त्व असते. पूर्व विदर्भात नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटर गेज लाईन आधी आली आणि तिचे रुंदीकरण करून ती पुढे नेण्यासाठी १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. या मुख्य लाईनवरील तुमसर रोडहून तिरोडीकडे फुटणारी शाखा मँगनीजच्या पट्ट्यातून जाते. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणी आज मॉइल या सरकारी कंपनीकडे आहेत आणि तिची पाळेमुळे १८९६ च्या सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जातात. गोंदिया-बालाघाट भागात ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांना ‘छोटी लाईन’ आणि १६७६ मिलिमीटरच्या रुळांना ‘बडी लाईन’ म्हणण्याची रीत इतकी पक्की होती की, छोटी लाईन उखडली गेल्यावरही ती बोलण्यातून उखडली गेली नाही. बडी आणि छोटी ही विशेषणे मराठी बोलणाऱ्याच्या तोंडीही हिंदीच राहिली.

विजेच्या बाबतीत महाराष्ट्रात एक ठळक सीमारेषा दिसते, आणि तिची नोंद प्रमाणभाषेच्या पुस्तकांनी अजून पुरेशी घेतलेली नाही. पश्चिम महाराष्ट्रात ‘लाईट गेली’ म्हणतात, विदर्भात, विशेषतः पूर्व विदर्भात, ‘लाईन गेली’ म्हणतात, आणि ‘वीज गेली’ हे लेखनात व बातम्यांत. दोन्ही बोलीरूपे भारतीय काव्यशास्त्रात ज्याला लक्षणा म्हणतात त्या शब्दशक्तीची उदाहरणे आहेत. शब्दाचा सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घेणे म्हणजे लक्षणा, आणि ‘गंगेवर गौळवाडा’ हे तिचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे, कारण गौळवाडा पाण्यावर नसतो, काठावर असतो. ‘लाईन गेली’ म्हणताना तारा खांबांवर जागच्या जागी असतात, गेलेला असतो तो त्यांतील प्रवाह. पश्चिमेकडील बोलीने विजेचे नाव तिच्या परिणामावरून, म्हणजे उजेडावरून ठेवले, पूर्वेकडील बोलीने ते तिच्या वाटेवरून ठेवले. हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो, तरी ज्या मुलखात विजेचा मोठा ग्राहक घरातील दिव्यापेक्षा शेतातील मोटरपंप आहे, तेथे ‘दिवसाची लाईन’ आणि ‘रात्रीची लाईन’ या पाळ्यांवर धानाचे पाणी अवलंबून असताना ‘रात्रीची लाईट’ हा शब्दप्रयोग चालला नसता, हे मान्य करावे लागते.

या अर्थाभोवती लाईनचा एक पूर्ण परिवार उभा आहे. थ्री फेजची लाईन, सिंगल फेजची लाईन, लाईनवर टाकलेला चोरीचा आकडा, लाईनवर पडलेली फांदी, आणि हे सगळे निस्तरणारा लाईनमन. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि २००५ मध्ये त्याचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. महावितरणने लाईनमनला ‘जनमित्र’ असे नाव दिले. नाव आपुलकीचे असले तरी पावसाळी रात्री लाईन गेल्यावर जनमित्राला फोन लावा असे कुणी म्हणत नाही, लाईनमनला लावा असेच म्हणतात. कागदावरील रोहित्राला गावाने ‘डीपी’ केले आणि उच्चदाब वाहिनीला ‘मेन लाईन’, हा त्याच व्यवहाराचा भाग होय. केंद्रीय पातळीवर मात्र ४ मार्च हा दिवस ‘लाईनमन दिवस’ म्हणून पाळला जाऊ लागला आहे, म्हणजे सरकारी दप्तरानेही शेवटी हा शब्द मान्य केला.

जेथे वस्तू शब्दाबरोबर आली तेथे शब्द टिकला हे सूत्र दोन ठिकाणी अपुरे पडते. पहिले ठिकाण माणसांच्या रांगेचे. रांग ही वस्तू इंग्रजांनी आणली नाही, आणि आणली असती तर ती ‘क्यू’ या नावाने आली असती, कारण ब्रिटिश इंग्रजीत रांगेला क्यू म्हणतात आणि लाईन म्हणतात ते अमेरिकेत. तरीही मराठीत क्यू फार जगला नाही आणि लाईन फोफावली. याचे स्पष्टीकरण अमेरिकेत न शोधता शाळेतील कवायतीत आणि पोलीस-लष्कराच्या हुकुमांत शोधणे जास्त सयुक्तिक आहे. शिस्तीने उभे राहण्याच्या आज्ञेतून ‘लाईनीत या’ आले आणि शिधा, रॉकेल, तिकीट व मतदान यांनी ते घरोघरी नेले. पुण्यात हा हुकूम ‘लाईनीत उभे राहा’ असा असतो, तर विदर्भात हिंदीच्या संगतीने तो ‘लायनीत लाग’ होतो. रांग शब्द मात्र मंदिराशी जोडून राहिला. ‘दर्शनरांग’ म्हणतात, ‘दर्शनलाईन’ कानाला सहन होत नाही.

दुसरे ठिकाण व्यवसायाचे. धंदा, पेशा, उद्योग, व्यापार असे शब्द असताना ‘कापडाच्या लाईनीत’, ‘हॉटेल लाईन’, ‘ट्रॅक्टरची लाईन’ असे का म्हटले जाते, याचे उत्तर सामाजिक असावे. पूर्वीच्या व्यवसायनामांतून जात कळत असे. सुतारकी, सोनारकी, कोष्टीकाम हे शब्द कामाबरोबर माणसाचे कूळही सांगत. ‘लाईन’ने ते लपवले आणि ‘लाईन बदलली’ असे म्हणण्याची सोय केली, जी सोय ‘सोनारकी बदलली’ या शब्दांत नव्हती. मोहाडी-आंधळगावच्या टसर विणणाऱ्या घरातील मुलगा गाड्यांच्या लाईनीत गेला तर ते वाक्य कुणाला अवघड वाटत नाही. याच अर्थाला लागून ‘लाईनीला लागणे’ आले, जे जुन्या ‘मार्गी लागणे’चेच रूप आहे. ‘लाईन मारणे’ आणि ‘लाईन देणे’ हे प्रेमव्यवहारातील प्रयोग हिंदीच्या वाटेने आले आणि त्यांना इंग्रजीत आधार नाही. माल पोहोचवणारा विक्रेता आपल्या ठरावीक फेरीलाही लाईन म्हणतो, तेव्हा एका वाक्यातून दोन अर्थ निघण्याचा धोका असतो आणि तो बाजारात पुष्कळदा मुद्दाम पत्करला जातो.

आता जे अर्थ ‘लाईन’ला मिळालेच नाहीत ते पाहणे अधिक उद्बोधक आहे. राज्यसंस्थेने कागदावर ओढलेल्या प्रत्येक रेघेला मराठीने ‘रेषा’ म्हटले, जसे ड्युरँड रेषा, मॅकमोहन रेषा, रॅडक्लिफ रेषा, नियंत्रण रेषा. बपेऱ्याच्या जवळून जाणारी रेघही अशीच कागदावर जन्मली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, त्यांत भंडारा होता, बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिला, आणि त्याआधी जी केवळ जिल्ह्यांमधील हद्द होती ती राज्यांमधील सीमा झाली. १९६० मध्ये मुंबई राज्यातून महाराष्ट्र झाल्यावर ती महाराष्ट्राची सीमा ठरली. या सीमेवरून वाहणाऱ्या बावनथडी नदीवर दोन्ही राज्यांनी मिळून राजीव सागर हा आंतरराज्य प्रकल्प उभा केला. लोक या सीमेला लाईन म्हणत नाहीत, रेषाही म्हणत नाहीत, ‘बॉर्डर’ म्हणतात, म्हणजे येथे एका इंग्रजी शब्दाची जागा दुसऱ्या इंग्रजी शब्दाने आधीच धरून ठेवली होती. पूररेषा हीदेखील कागदावरचीच रेषा आहे. पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. निळी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुराने भंडारा शहरात पाणी शिरले तेव्हा या रेषा नकाशातून निघून लोकांच्या चर्चेत आल्या.

सर्वांत जास्त माणसे ज्या रेघेशी बांधली गेली ती दारिद्र्यरेषा, आणि तिच्या आखणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९६२ साली केंद्रातील एका कार्यगटाने १९६०-६१ च्या किमतींनुसार दरडोई दरमहा २० रुपये ही किमान खर्चाची पातळी सुचवली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दररोज २२५० कॅलरींच्या आहाराचा आधार घेऊन त्याच किमतींना ग्रामीण भागासाठी दरमहा १५ रुपये आणि शहरांसाठी साडेबावीस रुपये अशी पातळी मांडली. सुरेश तेंडुलकर यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २००९ मध्ये ही पद्धत बदलली आणि तिच्या आधारे २०११-१२ साठी देशपातळीवर ग्रामीण ८१६ आणि शहरी १००० रुपये असे आकडे आले, ज्यांवर पुढे बराच वाद झाला. येथे रेषा हा शब्द कागदाचा असला तरी त्याला ‘वर’ आणि ‘खाली’ या दिशा आहेत, आणि ‘दारिद्र्यरेषेखालील’ हे लांब विशेषण सरकारी अर्जात जसेच्या तसे राहिले असताना बोलण्यात त्याचे ‘बीपीएल’ झाले. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तिरंगी शिधापत्रिका आल्यावर तर रंगच नाव झाला. त्याच दिवशी भंडाऱ्यातून गोंदिया हा वेगळा जिल्हा निघाला, त्यामुळे या मुलखात एकाच तारखेला दोन रेघा आखल्या गेल्या.

जुनी ‘रेषा’ आणि इंग्रजी ‘बॉर्डर’ यांखेरीज ‘लाईन’ टाळण्याचा तिसरा मार्ग होता नव्या संस्कृतोद्भव शब्दाचा. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने आणि त्याच्या कोशांनी राज्यकारभारासाठी परिभाषा घडवली, तीत ‘वाहिनी’ला मोठा मान मिळाला. सेना आणि नदी असे दोन अर्थ संस्कृतात असलेला हा शब्द वीजवाहिनी, जलवाहिनी, मलवाहिनी, दूरचित्रवाणीची वाहिनी असा पसरला, आणि जी व्यापकता इंग्रजीने ‘लाईन’ला दिली ती मराठीने लेखनात ‘वाहिनी’ला दिली. खेळांत मिश्र चित्र आहे. कबड्डीने मध्यरेषा, निदानरेषा, बोनस रेषा असे पुस्तकी शब्द घेतले, तर बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी रुजवलेल्या मराठी क्रिकेट समालोचनात गोलंदाजाच्या लाईनला ‘दिशा’ आणि लेंग्थला ‘टप्पा’ म्हटले गेले, आणि हे दोन शब्द भाषांतर वाटत नाहीत इतके नेमके आहेत. राजकारणात मात्र ‘पक्षाची लाईन’ चालते, बहुधा ‘भूमिका’ हा शब्द नाटकाचाही असल्याने.

सर्वांत ताजा अर्थ ‘ऑनलाईन’चा आहे आणि तो व्याकरणदृष्ट्या सर्वांत विलक्षण आहे. इंग्रजीत हा शब्द विशेषण किंवा क्रियाविशेषण आहे, पण भंडारा-गोंदियात तो नाम झाला आहे. ‘ऑनलाईन झालं का?’ या प्रश्नाचा अर्थ कोणी जाळ्यावर उपस्थित आहे का असा नसून, आधारभूत किमतीच्या केंद्रावर धान विकण्यासाठी सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक देऊन शेतकऱ्याची नोंदणी झाली का असा असतो. ‘ऑनलाईन राहून गेलं’ म्हणजे त्या हंगामाची खरेदी हुकली. ज्या व्यवस्थेत रांग नको म्हणून संगणक आणला, तिच्यात नोंदणीच्या शेवटच्या दिवसांत केंद्रासमोर पहाटेपासून ऑनलाईनसाठी लाईन लागते, मध्येच लाईन गेली की ऑनलाईन थांबते, आणि बाहेरची लाईन परत लाईन येईपर्यंत जागची हलत नाही.